धुराची जमाबंदी आणि शेतकऱ्याचा वाटा

जमिनीची जमाबंदी म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. कोणाच्या खात्यावर किती एकर, कोणत्या प्रतीची जमीन, आणि तीवर सारा किती, हें ज्या कागदावरून ठरतें त्या कागदाचें महत्त्व प्रत्येक खातेदारास पुरतें ठाऊक असतें. परंतु गेल्या कांहीं वर्षांत जगांत एक दुसरीच जमाबंदी सुरू झाली आहे. ती जमिनीची नसून धुराची आहे. कोणत्या देशानें, कोणत्या कारखान्यानें आणि आतां कोणत्या शेतानें किती कर्बवायु हवेंत सोडला, व किती हवेंतून ओढून जमिनींत ठेवला, याची मोजणी चालू असून तीवरून पैशाचें देणें-घेणें ठरूं लागलें आहे. ही जमाबंदी आतां आपल्या बांधापर्यंत येऊन ठेपली आहे. कार्बन क्रेडिटचे करार घेऊन कंपन्यांचीं माणसें शेतकऱ्यांकडे येऊं लागलीं आहेत. सौरपंप आणि सौरवाहिन्या यांच्या योजना सरकारनें हातीं घेतल्या आहेत. अशा वेळीं माप कोणाचें, मोजणार कोण, आणि वाटा कोणास, हे प्रश्न शेतकऱ्यानें सही करण्यापूर्वीं विचारावे, नंतर नव्हेत. आमचें नोकरीचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें असल्यामुळें या विषयाकडे आम्ही दप्तराच्याच दृष्टीनें पाहणार आहों.

प्रकरण काय आहे

कोळसा, खनिज तेल व खनिज वायु जाळल्यानें जो कर्बवायु निघतो, त्याचा मोठा भाग शेंकडों वर्षें हवेंत राहतो. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत तो सुमारें २८० भाग होता. आतां तो ४२० च्या वर गेला आहे. त्यामुळें पृथ्वी तापते, पाऊस लहरी होतो, आणि त्याची झळ प्रथम शेतकऱ्यास लागते. १९९२ सालीं रिओ येथें राष्ट्रांनीं या बाबतींत पहिला मोठा करार केला. १९९७ सालीं क्योटो येथें श्रीमंत देशांवर मर्यादा घातल्या गेल्या. २०१५ सालीं पॅरिस येथें प्रत्येक देशानें आपापला संकल्प जाहीर करावा असें ठरलें. २०२१ सालीं ग्लासगो येथें भारतानें सांगितलें कीं, २०७० पर्यंत जेवढा वायु सोडूं तेवढाच हवेंतून काढूं व हिशेब शून्यावर आणूं. २०२५ सालीं आपल्या देशांतील वीज निर्माण करण्याच्या एकंदर क्षमतेपैकीं निम्मी क्षमता कोळसा, तेल व वायु यांवांचून चालणारी झाली. मात्र क्षमता निराळी आणि प्रत्यक्ष वीज निराळी. सूर्य रात्रीं नसतो. म्हणून प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या विजेचा बहुतेक भाग अजून कोळशाचाच आहे.

या बदलास हल्लीं ऊर्जेचें स्थित्यंतर असें नांव आहे, आणि तें न्याय्य असावें, म्हणजे त्याचा भार गरिबावर व मजुरावर पडूं नये, ही गोष्ट पॅरिस कराराच्या प्रस्तावनेंतच लिहिलेली आहे. परंतु न्याय हा शब्द लिहिल्यानें होत नाहीं. तो हिशेबाच्या वहींत उतरावा लागतो. म्हणून प्रथम वहीकडे पाहूं.

एका म्हशीचे चार आंकडे

कोणत्याहि हिशेबास एकक लागतें. धुराच्या हिशेबांतलें एकक एक टन कर्बवायु हें आहे. पण शेतींतून निघणारे वायु बहुधा निराळे असतात. जनावरांच्या रवंथांतून आणि पाणी तुंबलेल्या भातखाचरांतून मिथेन निघतो. युरियासारखीं नत्रयुक्त खतें टाकलेल्या जमिनींतून नायट्रस ऑक्साइड निघतो. हे वायु कर्बवायूपेक्षां वजनाला वजन पुष्कळ अधिक उष्णता कोंडतात. एक किलो मिथेन कर्बवायूच्या किती किलोंबरोबर धरावा, याचें कोष्टक आयपीसीसी या नांवाचें शास्त्रज्ञांचें आंतरराष्ट्रीय मंडळ प्रसिद्ध करतें. १९९५ सालीं तो आंकडा २१ होता, २००७ सालीं २५ झाला, आणि २०१३ सालीं २८. हे आंकडे शंभर वर्षांच्या मुदतीचे होत. मिथेन हवेंत सुमारें बारा वर्षांतच विरतो; म्हणून मुदत वीस वर्षांची धरली तर तोच आंकडा सुमारें ८० होतो.

आतां एक म्हैस घेऊं. याच मंडळाच्या २००६ च्या मार्गदर्शिकेंत म्हशीस वर्षाला ५५ किलो मिथेन हा ढोबळ आंकडा दिला आहे. पहिल्या कोष्टकानें त्या म्हशीच्या नांवें १,१५५ किलो कर्बवायु लागतो, दुसऱ्यानें १,३७५, तिसऱ्यानें १,५४०, आणि वीस वर्षांच्या मुदतीनें ४,४०० किलो. म्हैस तीच, दावणहि तीच, कडबाहि तोच. खात्यावरचा बोजा मात्र जवळजवळ चौपट. यांत कोणी लबाडी केली असें नाहीं. शास्त्र पुढें गेलें तसे आंकडे सुधारले, आणि मुदत किती धरावी हा धोरणाचा प्रश्न आहे. पण दोन खातेदारांचा हिशेब दोन कोष्टकांनीं केला, तर त्यांची तुलना करणें म्हणजे एकाचें धान्य पायलीनें व दुसऱ्याचें अधोलीनें मोजून आंकडे शेजारीं मांडण्यासारखें आहे. शिवाय ५५ हा आंकडा म्हणजे नजर अंदाज आहे. कोरडवाहू गांवांत कडब्यावर जगणारी म्हैस आणि पेंड खाणारी गोठ्यांतली म्हैस यांस एकच आंकडा लावणें, हें एका चावडीवर बसून साऱ्या तालुक्याची पैसेवारी ठरविण्यासारखें आहे.

प्रिंगलसाहेबाची मोजणी

आपल्याच महसुलाच्या इतिहासांत या विषयाचा एक मोठा धडा आहे. पेशवाई गेल्यानंतर पुणें जिल्ह्यांत प्रिंगल नांवाच्या अधिकाऱ्यानें मोजणी केली, आणि १८३० च्या सुमारास नवा सारा बसविला. त्याची रीत कागदावर फार शास्त्रशुद्ध होती. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचें उत्पन्न काढावयाचें, त्यांतून लागवडीचा खर्च वजा करावयाचा, आणि निव्वळ राहील त्याचे शेंकडा ५५ सरकारनें घ्यावयाचे. परंतु उत्पन्न व खर्च यांचे आंकडे हाताखालचे नोकर आणीत. मोजणी सदोष होती, प्रतबंदींत लांच चालला, आणि रयतेस तर तो हिशेब पडताळतांच येत नसे. त्यांत धान्याचे भाव पडले. इंदापूर भागांत लोक जमिनी टाकून गेले, व सरकारास ती जमाबंदी मोडावी लागली.

पुढें १८३५ सालीं गोल्डस्मिड व विंगेट यांनीं त्याच इंदापूर तालुक्यांत नव्यानें काम आरंभिलें. त्यांनीं निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. मातीची खोली व पोत पाहून आण्यांत प्रत ठरविली, हद्दीच्या खुणा पक्क्या केल्या, आणि सारा तीस वर्षें कायम केला. १८४७ च्या संयुक्त अहवालांत हे नियम पक्के झाले. तो सारा जड कीं हलका, हा वाद निराळा. परंतु आपल्या नंबरास आकार किती व कां, हें खातेदारास कळूं लागलें, ही गोष्ट मोठी होती. ज्यास देणें-घेणें आहे त्याला स्वतः पडताळून पाहतां येत नाहीं असें माप, तें कितीहि सूक्ष्म असो, शेवटीं मधल्या माणसाचेंच भलें करतें. धुराची मोजणी आज प्रिंगलसाहेबाच्या वाटेवर आहे कीं विंगेटसाहेबाच्या, हें आपण पाहिलें पाहिजे.

एक टन, दोन खातीं

एक उदाहरण घेऊं. पांच अश्वशक्तीचा विजेचा पंप ताशीं सुमारें ३.७ युनिटें वीज घेतो. वर्षांत तो हजार तास चालला तर ३,७०० युनिटें झालीं. आपल्या देशाच्या वीजजाळ्यांत एका युनिटामागें सरासरीनें सुमारें ०.७ किलो कर्बवायु निघतो. म्हणजे त्या पंपाचे वर्षाचे सुमारें २.६ टन झाले. आतां त्या विहिरीवर सौरपंप बसला. हे अडीच टन कोणाचे वांचले? शेतकरी म्हणेल माझे. वीज कंपनी म्हणेल आमच्या वाहिनीवरचा भार कमी झाला, म्हणून आमचे. अनुदान देणारें सरकार म्हणेल आमचे. पंपाला पैसा पुरविणारी परदेशी संस्था आपल्या अहवालांत तेच अडीच टन लिहील. हवेंत वांचले अडीच, आणि वह्यांत लिहिले गेले दहा! एकाच गटाचा सातबारा चार नांवांवर निघाला तर तलाठ्याची काय गत होईल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

पॅरिस कराराच्या ६ व्या कलमाखालीं २०२१ सालीं ग्लासगो येथें जे नियम झाले, त्यांत यावर उपाय सांगितला आहे. एका देशानें वांचविलेले टन दुसऱ्या देशास विकले, तर विकणाऱ्यानें ते आपल्या खात्यांतून कमी केले पाहिजेत. हा आपला फेरफारच होय. विकत घेणाराचें नांव लागलें कीं विकणाराचें कमी होतें. परंतु कंपन्या आपल्या खुशीनें जे दाखले घेतात-देतात, त्या सर्वांना हा नियम लागू नाहीं.

कंपन्यांच्या वहीची रीत आणखी निराळी आहे. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रमाण-पद्धतीप्रमाणें, जी आज जगभर रूढ आहे, कंपनी तीन सदरें मांडते. पहिलें आपल्या भट्टीच्या धुराचें, दुसरें विकत घेतलेल्या विजेचें, आणि तिसरें मालाच्या मागच्या-पुढच्या सर्व प्रवासाचें. यवतमाळच्या कापसाचें कापड झालें, कपडे शिवले गेले व ते लंडनांत विकले गेले, तर शेतांतल्या खताचा धूर गिरणीच्या, शिवणाराच्या आणि दुकानदाराच्या अशा तिघांच्याहि तिसऱ्या सदरांत येतो. हें चूक नव्हे, कारण तें सदर जबाबदारी दाखविण्यापुरतें आहे. पण त्याची बेरीज करून कोणी वसुली करूं लागला तर अनर्थ होईल. आणि देशांच्या हिशेबांत तर धूर जेथें निघाला त्या देशाच्या खात्यावर पडतो, माल कोणीहि वापरो. आज भारतांत माणशीं सुमारें २ टन कर्बवायु पडतो, जगाची सरासरी पावणेपांच टनांच्या आसपास आहे, आणि अमेरिकेंत माणशीं सुमारें १४ टन. वाटणीचा वाद करतांना हे आंकडे विसरून चालत नाहीं.

ज्याचें माप नाहीं त्याच्यावर परक्याचें माप

युरोपीय संघानें २०२३ सालीं कायदा करून सरहद्दीवर कर्बाची आकारणी ठरविली. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यावी लागे. १ जानेवारी २०२६ पासून आकारणीचा अंमल सुरू झाला. लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खतें, हायड्रोजन व वीज हा माल तींत येतो. कारखानदारानें आपल्या मालाचा धूर मोजून, तपासून दिला तर त्याप्रमाणें. न दिला तर युरोपानें ठरविलेला ढोबळ आंकडा वाढवून लावावयाचा, असा नियम आहे. मूळ देशांत कर्बावर कांहीं किंमत भरली असेल तर ती वजा मिळते. आपल्या सरकारानें या आकारणीस हरकत घेतली आहे, आणि ती रास्त आहे. कारण दीडशें वर्षें धूर सोडून श्रीमंत झालेल्यांनीं नव्यानें उभ्या राहणाऱ्या कारखानदारीस एकाच दांडीनें मोजावें, हें न्यायाचें नव्हे. परंतु हरकत घेऊन थांबतां येत नाहीं. भारतानें २०२२ सालीं ऊर्जा संरक्षण कायद्यांत दुरुस्ती केली आणि २०२३ सालीं कर्बाच्या दाखल्यांच्या व्यापाराची स्वतःची योजना जाहीर केली, ती याच कारणानें इष्ट वाटते. ज्याच्या घरीं तराजू नाहीं, त्याला वाण्याच्या तराजूवर विश्वास ठेवावा लागतो.

आज ही आकारणी धान्यावर व फळांवर नाहीं. उद्यां ती येणारच असें आम्ही म्हणत नाहीं. पण द्राक्षें, कांदा, डाळिंब परदेशीं पाठविणारांनीं आपल्या शेताच्या डिझेल, वीज व खतांची साधी वही आजपासून ठेवली तर त्यांत तोटा कांहीं नाहीं.

आधींच चांगलें करणाराचें काय?

आतां शेतांतल्या दाखल्यांकडे वळूं. जानेवारी २०२४ मध्यें केंद्रीय कृषि मंत्रालयानें शेतींतील ऐच्छिक कार्बन बाजाराविषयीं एक आराखडा प्रसिद्ध केला. नांगरट कमी करणें, पाचट न जाळतां कुजविणें, बांधावर झाडें लावणें, भातांत पाणी आलटून-पालटून देणें, असल्या कामांनीं जो कर्ब वांचतो किंवा जमिनींत मुरतो, त्याचे दाखले विकतां येतात. कामें सगळीं चांगलीं आहेत व जमिनीच्या हिताचीं आहेत. अडचण आहे ती मोजणीची.

एक एकराच्या वरच्या एक फूट मातीचें वजन सुमारें १,६०० टन असतें. तींत सेंद्रिय कर्ब शेंकडा ०.१ नें वाढला तर १.६ टन कर्ब, म्हणजे सुमारें ६ टन कर्बवायु झाला. कारण एक टन कर्बाचा ३.६७ टन कर्बवायु होतो. पण एकाच शेतांत विहिरीजवळच्या व माळाकडच्या मातींत याहून अधिक फरक सहज सांपडतो. नमुना कोठून घेतला यावरच सहा टन येतात किंवा जातात! भाताचेंहि तसेंच. दाखल्यांची नोंदणी करणाऱ्या व्हेरा या जगांतल्या एका मोठ्या संस्थेनें २०२४ सालीं चीनमधील ३७ भातशेती प्रकल्प हिशेबाच्या दोषांमुळें नाकारले. ज्या शेतकऱ्यांच्या नांवानें असे प्रकल्प मांडले जातात, त्यांच्या हातीं अशा वेळीं काय राहतें, याचा विचार करावा.

दुसरी अडचण न्यायाची आहे. या बाजाराचा नियम असा कीं, दाखला मिळतो तो नव्या सुधारणेचा. जो शेतकरी वाडवडिलांपासून शेणखत घालतो, ताली घालतो, पाचट जाळीत नाहीं, त्यानें नवें कांहींच केलें नाहीं, म्हणून त्याला कांहीं नाहीं. आणि ज्यानें काल परवांपर्यंत फड पेटवून दिले, त्यानें आज थांबविलें कीं त्याला पैसे. विकणाराचें म्हणणें असें कीं, जें होणारच होतें त्याचे पैसे दिले तर हवेंतला धूर कमी होत नाहीं. हेंहि तर्काला धरून आहे. तरीपण आपल्या जुन्या जमाबंदींत खातेदारानें स्वखर्चानें केलेल्या सुधारणेवर सारा वाढवूं नये असें तत्त्व होतें, म्हणजे चांगलें करणाराची कदर होती. नव्या हिशेबांतहि जमिनींत आधींच सांठलेला कर्ब राखणाराचें एखादें सदर असावें, अशी मागणी शेतकऱ्यांच्या संस्थांनीं केली पाहिजे.

कोळशाचीं गांवें आणि उन्हाचीं शेतें

स्थित्यंतराचा भार दोन ठिकाणीं पडतो. पहिलें ठिकाण कोळशाचें. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, पारस, परळी, भुसावळ, एकलहरें या ठिकाणीं कोळशाच्या विजेवर हजारों संसार उभे आहेत. कायम नोकरास निवृत्तिवेतन मिळतें. पण कंत्राटी मजूर, राख वाहणारे ट्रकवाले, खानावळी चालविणारे यांचें नांव कोणत्याच हजेरीपटावर नसतें. दक्षिण आफ्रिकेंत कोमाटी येथील जुनें वीजकेंद्र ऑक्टोबर २०२२ मध्यें बंद झालें, आणि तयारी अपुरी असतां तें बंद केल्यानें गांवाचे हाल झाले, असें तेथील राष्ट्राध्यक्षांच्या हवामान आयोगासच पुढें नमूद करावें लागलें. उलट जर्मनींत २०२० सालीं कोळसा सोडण्याचा कायदा करतांना २०३८ पर्यंतची मुदत दिली, आणि कोळशाच्या प्रांतांसाठीं ४० अब्ज युरोपर्यंत रक्कम आधीं बाजूस काढली. आधीं पोटाची सोय, मग भट्टी बंद, हा क्रम आपणहि ठेवावा.

दुसरें ठिकाण आपलें शिवार. रात्रीच्या पाळीनें येणारी वीज, अंधारांत साप-बिबट्याचें भय, आणि जळणाऱ्या मोटारी यांचा अनुभव आमच्या वाचकांस आहे. दिवसा वीज मिळावी म्हणून महाराष्ट्र सरकारनें २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना काढली, व २०२३ सालीं तिचा दुसरा टप्पा आणला. त्यांत भाड्यानें दिलेल्या जमिनीस हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये भाडें ठरलें. कोरडवाहू खातेदारास हें भाडें पिकापेक्षां बरें वाटेल यांत नवल नाहीं. पण त्या रानांत खुरपणीस येणारी बाई, आणि त्या पडीकावर शेळ्या चारणारा, यांस भाड्यांतला पैसाहि मिळत नाहीं. ग्रामसभेनें गायरान देतांना चराईची दुसरी सोय आधीं करावी, हें आम्ही आग्रहानें सांगतों.

सौरपंपाचें आणखी एक कलम आहे. उन्हाची वीज फुकट, म्हणून पाणी दिवसभर उपसावें, असें झालें तर धूर वांचेल व विहीर बुडेल. गुजरातेंत खेडा जिल्ह्यांतील ढुंडी गांवीं २०१६ च्या सुमारास सहा शेतकऱ्यांनीं सौरपंपधारकांची सहकारी मंडळी केली. शिवारास पाणी देऊन उरलेली वीज त्यांनीं वीज कंपनीस विकली. उपसा कमी केला तर वीज अधिक विकली जाते, म्हणून पाणी राखण्यांत त्यांचा स्वतःचा लाभ होता. आणि हिशेब कशावर? मीटरवर! जो सभासद वाचतो, कंपनीहि वाचते, आणि दोघांस एकच आंकडा दिसतो. समाईक माप म्हणतात तें हेंच.

सहीपूर्वीं

शेवटीं कांहीं सूचना करून हा लेख पुरा करितों.

(१) कर्बाचा करार मराठींत लिहिलेला असल्याशिवाय व घरीं चार दिवस ठेवून वाचल्याशिवाय सही करूं नये.

(२) मिळणाऱ्या दाखल्याची मालकी कोणाची, विक्रीच्या किंमतींतला हिस्सा किती, आणि मोजणी-तपासणीचा खर्च कोणाकडे, हें आंकड्यांत लिहून घ्यावें. "योग्य मोबदला" हा शब्द मान्य करूं नये.

(३) कराराची मुदत पाहावी. ती वीस वर्षांची असेल, आणि मध्येंच वाटणी, विक्री किंवा दुष्काळ आला, तर कोणी काय भरावयाचें, हें विचारावें. एकत्र खात्यांत सर्व हिस्सेदारांची संमति घ्यावी.

(४) मोजणीचें कोष्टक व साल कोणतें, मातीचे नमुने कोठून व कोणासमक्ष घेतले, याचा पंचनामा करून प्रत आपल्याजवळ ठेवावी.

(५) एकट्यानें न जातां संस्थेमार्फत जावें. संस्थेनें गांवाची एकच वही ठेवावी, म्हणजे एक टन दोनदां विकला जाणार नाहीं, आणि भाव करतांना जोर राहील.

इंदापूरच्या रयतेस प्रिंगलसाहेबाचा हिशेब समजत नव्हता, म्हणून तिला गांव सोडावें लागलें. आपल्यांत आज लिहिणारे-वाचणारे पुष्कळ आहेत. धुराची ही जमाबंदी पुरी होण्यापूर्वींच प्रत्येक खातेदारानें आपला उतारा मागावा, आणि तो समजून घेतल्यावांचून त्यावर आंगठा उठवूं नये.